सहा ते सात

चहाची किटली आली, तिला गुंडाळून आलेला कागद
किटलीपेक्षा जास्त टिकला.
झाकण दिवाळीच्या आत फुटलं.
कागद मात्र मथूआत्याने निवत्या इस्त्रीखाली सरळ केला
आणि कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवला.

बुधवार. सन छप्पन. महिना फाटलेला.
विलायती टेलिव्हिजनचा एक अख्खा दिवस,
दिगूकाकाने बर्मिंगहॅमहून नकळत पाठवलेला.
तेव्हा दांडिया बाजारात रेडिओलासुद्धा लायसन लागे
आणि आमच्या गल्लीत ते एकट्या बापूसाहेब मोहित्यांकडे होतं.

आत्याचं इंग्रजी सहावीपुरतं. बाकीचं ती भरून काढायची.
"तीन वाजता बायकांसाठी. म्हणजे आपले साडेआठ."
साडेपाच तास ती पेरांवर मोजून चढवायची,
पोलक्याचे टाके घालताना घालावेत तसे.
तिकडे कुणी बाई टोपी विणायला शिकवायची,
इकडे खिचडीवर कढी पडायची.
पावणेचारला दोऱ्यांवरच्या बाहुल्या.
मग मध्यंतर: कुंभाराचं चाक.
"एवढंच?"
"एवढंच. माती फिरते. लोक बघतात."
"मडकं होतं का पण?"
"ते छापलेलं नाही."
दुसऱ्या दिवशी मी फतेपुऱ्यात कुंभाराकडे जाऊन बसलो.
त्याचं मडकं झालं.
मला फसवल्यासारखं वाटलं.

पाचला मुलांसाठी. आपले साडेदहा.
झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या,
आणि आत्या थेट निवेदिकेच्या आवाजात,
जो तिने जन्मात ऐकला नव्हता, जाहीर करायची:
"आता, सहा ते सात, काही नाही."

कागदावर तिथे खरंच काही नव्हतं.
काकाने पत्रातून खुलासा केला.
त्या तासाला इथे पडदा काळाच ठेवतात,
आयांनी पोरांना झोपवावं म्हणून.
घरमालकीण मिसेस हॉलिस बटण फिरवते,
पांढरा ठिपका मधोमध जातो, विझतो,
माणसं उठतात, शेगडीजवळची खुर्ची मला मिळते.
तेव्हाच लिहितो तुला.

म्हणून साडेअकरा ते साडेबारा आत्या जागी.
दिवा नाही. किटलीवर झाकणाच्या जागी बशी.
"लिहीत असेल," एवढंच, भिंतीला.
मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत असे,
म्हणजे पडदा ज्याच्यासाठी काळा होता
तो मीच.

पुढच्या होळीला एक आखूड पत्र आलं.
सहा ते सात आता कार्यक्रम लागतात,
गाणी असतात, तरुण पोरं दाटीवाटीने नाचतात.
खुर्ची मिळत नाही.

त्यानंतर पत्रं आलीच नाहीत असं नाही.
पोस्टकार्डं आली, मागे कालवे नाहीतर बदकं.
मग नुसती नाताळची, छापील.

कागद तिने काढला नाही.
आठला चार शहाणी माणसं पाहुण्याचा धंदा ओळखायची.
साडेआठला नाटक.
नाटकाच्या नावाचं पहिलं अक्षर दिसतं, की कागद संपतो;
उरलेला तुकडा झाकणाभोवती होता.
शेवट ती दर खेपेला वेगळा सांगे,
पण बोट कुणाची तरी चुकायचीच.

टीव्ही आमच्याकडे आला चौऱ्याऐंशीत.
आत्या इंदुरी साडी नेसून पुढ्यात बसली,
शेतीची माहिती, गुजराती बातम्या, सगळं बघितलं,
बोटांवर काही चढवावं लागलं नाही
म्हणून हात जरा वेळ तसेच मांडीवर.
शेवटी मी बटण फिरवलं.
ठिपका मधोमध गेला.
"थांब जरा," ती म्हणाली.
ठिपका थांबला नाही.

ती उठली. कपाट उघडलं, लावलं.
"एरोग्राम आहे का रे घरात?"
रात्रीचे साडेअकरा झाले होते.