किमान अर्हता

फळ फोडताना श्यूलुआनबाई ते टेबलावर आपटते,
आपण कवठ आपटतो तसं.
आत काळपट चोथा, बिया,
आणि एक गोडी, जी साखरेची नाही.
‘लोहान,’ म्हणते, आणि पातेल्यात टाकते.
घशाला बरं. तीस युआन ग्लास.

मी ग्लास सोडून शब्दाकडेच बघत राहते.
हा आमच्याकडचा. कधीतरी अर्हत होता.
वाळवंटं तुडवताना पुढचा अ गळाला,
र चा ल झाला,
दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात शब्द व्हावा तसा,
आणि समुद्र ओलांडून ताइनानच्या या गल्लीत
तो उकळत बसलाय.

एकट्या पातेल्यातच नाही.
तिच्या मुलाच्या गोदामात अकरा काचेच्या टाक्या आहेत, कोरड्या.
लोहान मासा: कपाळावर हे एवढं टेंगूळ,
लोक म्हणत, ज्ञानाचं.
अंगावरचे काळे ठिपके गिऱ्हाइकं भिंग लावून वाचत,
हे बघ ‘धन’, हे बघ ‘आयुष्य’.
एकाने माशापायी मोटार विकली होती.
मग हौस उतरली. ज्युनहाव आता लिफ्ट दुरुस्त करतो.
टाक्यांचं विचारायचं नसतं.

नात शाळेतून आली ती गुडघे सोलून.
पोरांवर पोरं चढवून मनोरा करतात,
त्याला इथे म्हणतात लोहान रचणं.
पेइवन सगळ्यात खाली. ‘टाळ्या वरच्याला,’ ती म्हणाली,
आणि आजीच्या ग्लासातला बर्फ खाऊन टाकला.

गल्लीच्या टोकाला देऊळ. पाचशे पुतळे,
कुणाच्या भुवया गुडघ्यापर्यंत, कुणी वाघाला थोपटतोय,
एक तर चक्क घोरतोय.
वाटेल तिथून सुरू करून वयाइतके मोजायचे,
जो येईल तो तुमचं वर्ष.
मला आला कान कोरणारा.
‘यंदा कमी बोल,’ श्यूलुआनबाई म्हणाली.

मग ती मोजू लागली.
एकाहत्तरावर थांबायला हवं होतं, तिचं वय तेवढंच.
थांबली नाही.
बहात्तर. त्र्याहत्तर. बोट प्रत्येक गुडघ्याला लावत.
‘आ-त्साय असता तर अठ्ठ्याहत्तर.’

आ-त्साय तिचा दीर.
ऊस तोडला, सिमेंट वाहिलं, चाळीस वर्षं तिच्या मागच्या खोलीत झोपला.
बायको नाही. दार स्वतःचं नाही.
अशांना या बेटावर फार पूर्वीपासून लोहानपाय म्हणतात:
होडीतून आले, अनवाणी, देवळाच्या ओसरीवर निजले,
आणि मेल्यावर
उदबत्ती लावायला मागे कुणी नाही.
‘शिवी आहे ती,’ ती म्हणाली.
दोन पुतळे गेले.
‘मीही दिलीय त्याला.’

अठ्ठ्याहत्तरावा चौथरा रिकामा.
वर चिठ्ठी: हात तुटल्यामुळे दुरुस्तीस नेला आहे.

ती चिठ्ठीकडे बघत राहिली.
मग पिशवीतून झाकणाचा ग्लास काढून
धुळीत उमटलेल्या दोन पावलांच्या मधोमध ठेवला.

‘तुमच्याकडचाच ना हा शब्द? काय अर्थ होतो?’

मी म्हटलं, पोथ्यांत, ज्याने आतले चोर मारले तो.
ज्याला परत जन्मायचं नाही तो.
आणि ज्याच्यापुढे अन्न ठेवावं, असा.
पात्र.
आता आमच्याकडे उरलाय
नोकरीच्या जाहिरातीपुरता:
किमान अर्हता, दहावी पास.

‘आ-त्साय चौथी,’ ती म्हणाली,
‘तीही दोनदा बसून,’
आणि झाकणात नळी खोचली.