दातखीळ

गॅरेजमधली शेगडी रात्री कधीतरी विझली.
सकाळी उणे बावन्न.
इंजिनावर नमदा होता, ते कुरकुरत का होईना उठलं असतं;
गिअरबॉक्सच्या अंगावर काही नव्हतं.

अर्धा तास मी बर्फावर पाठ टेकून
खालून ब्लो-लॅम्प दाखवत राहिले.
एर्चिम बाजूला उभा, हातात बॅग,
शहरातले पातळ बूट एका जागी ठरेनात.
"आई, विकून टाक ना हे धूड."
म्हटलं, तुझ्याच वयाची आहे.
तुला कुठे विकलं?

गाडी न्यूट्रलमध्ये. स्टार्टर मारला.
क्लच सोडला आणि इंजिन गचकन बंद.
पुन्हा सुरू. पुन्हा बंद.
तेल कसलं, आत खळ झालेली असते,
भिंतीवर कागद चिकटवायची.
चौथ्यांदा मी डावा पाय नखाएवढा, नखाएवढा वर घेतला,
झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसा.
घरघर खोल गेली,
मेली,
नाही, तगली.

पहिला पडला. कसा, ते माझा खांदा जाणे.
दुसरा दोन्ही हातांनी.
तिसऱ्याला मात्र दातखीळ.
डबल क्लच केलं, गोड बोलले,
मग सासऱ्यांची ठेवणीतली शिवी हासडली.
उइबानबाबा म्हणायचे, थंडीत गिअर टाकायचा नसतो,
त्याला विचारायचं असतं.
विचारलं.
करकरून नाही म्हणाला.

मग दुसऱ्यावरच निघालो.
अमगा नदीच्या गोठल्या पाठीवरून फाट्यापर्यंत चाळीस किलोमीटर,
शहराची बस अकराला.
रात्रभर उभी राहून चाकं चौकोनी झालेली,
पहिली पाच किलोमीटर आमचे दोघांचेही जबडे खडखडत होते.
काट्याने ताशी पंचवीस ओलांडले नाहीत.
सायकलवाल्याने मागे टाकलं असतं,
पण या थंडीत सायकलवाला आणायचा कुठून.

दहा दिवस घरात होता. हूं, आणि नको.
आता बोलायला लागला.
इंजिन किंचाळत होतं, त्याच्यावर ओरडून सांगावं लागत होतं,
म्हणून रडवेलं काहीच सांगता येईना,
सगळं बाजारभावासारखं कळलं.
कुन्नेइ गेली!
काय?
गेली! एप्रिलमध्ये!
आणि कॉलेज?
ते त्याच्या आधी!
मग करतोस काय?
टायर बदलतो! रात्रपाळी!
मी मान हलवली. टायर बदलणं वाईट नाही, असं ओरडले.
बराच वेळ पुढचं काही सुचलं नाही.
काचेच्या कडेने बर्फाची नक्षी आत सरकत होती,
तो बोटाच्या पेराने खरवडत बसला,
लहानपणी खरवडायचा त्याच कोपऱ्यात.

तेविसाव्या किलोमीटरला
दांड्याची थरथर बदलली.
पंजातून हातमोज्याआड मला कळलं:
खाली तेल सुटलंय, दात ऊन झालेत,
आता करंगळीने ढकलला तरी तिसरा पडेल.

मी हात दांड्यावरून काढला.
मांडीवर ठेवला.
सतरा किलोमीटर तो तिथेच होता.

फाट्यावर पोचलो तेव्हा सव्वाअकरा झालेले.
बसचा पत्ता नाही.
ती आली पावणेबाराला, धुक्याचा डोंगर ओढत;
ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला,
काय करणार बाई, गिअरच पडत नव्हते.
मी म्हटलं, हो ना, मेल्या थंडीत असं होतं.

एर्चिमने बॅग आत फेकली.
पायरीवरून वळला. पापण्यांवर पांढरं साचलेलं.
आता ओरडायची गरज नव्हती, तरी मोठ्यानेच म्हणाला,
"परत जाताना तिसरा टाक.
उगाच पेट्रोल जाळू नकोस."

बस गेली.
तिसरा पडला. चौथाही,
लोण्यात सुरी जावी तसा.
सासऱ्यांची ती शिवी मी परत एकदा दिली,
कुणाला, ते गाडीलाही सांगितलं नाही.