तक्ता : इ.स. १५४३

आठवीच्या भिंतीवर डिंकानं चिकटवलेला तक्ता
उन्हानं एका कोपऱ्यातून सुटत आलाय.
दोन रात्री जागून केला होता मी,
निळ्या स्केचपेननं रकाने आखून,
वर ठळक अक्षरांत : प्रबोधनकाळातलं एक वर्ष.

पहिल्या रकान्यात उत्तरेच्या थंडीत
अंथरुणाला खिळलेला म्हातारा.
त्याच्या पुस्तकात सूर्य जागचा हलत नाही,
आपणच फिरतो गरागरा, घरादारासकट.
म्हणतात, छापून आलेली प्रत हातात ठेवली
तेव्हा त्या हाताला काही कळत नव्हतं.

दुसऱ्यात एका तरुण वैद्याचं पुस्तक.
त्यातल्या चित्रात माणूस कातडी उतरवून उभा,
मागं डोंगर, झुडपं, लांबवर घरं,
जसा काही शिवाराकडंच निघालाय.

तिसऱ्यात वादळानं जपानच्या बेटाला लावलेलं जहाज.
आत दोनतीन फिरंगी, त्यांच्या बंदुका,
आणि नळीचं बूड बंद करायचं मळसूत्र
सुटता सुटेना म्हणून खपणारा तिथला लोहार.

चौथ्यात गादी गमावलेला पादशहा
बर्फाच्या वाटेनं पळतोय. घोडे पुरेनात.
वर्षाचं लेकरू मागंच राहिलं,
ते चुलत्याकडं पोचवलं : कंदाहारला.

"मॅडम, ह्ये आपलंच हाय न?"

यल्लवा इटकर. शेवटचा बाक.
बाप विहिरी फोडतो, सुरुंग लावतो.
वर्ग एकदम जागा झाला.
बादशाचं लेकरू आपल्या किल्ल्यात!
कुणी तर त्याची खोलीही ठरवून टाकली,
तिथं आता वटवाघळं आहेत म्हणे.

नाही गं, म्हटलं, ते गाव लांब, डोंगरांपलीकडं.
फळ्यावर दोन्ही नावं लिहिली.
हे बघा, तिथं 'दाहा', इथं 'धा'.

"दाहा न धा येकच की मॅडम!"

सगळे हसले, मीही.
ती मात्र उभीच.
"मग त्या साली आपल्या इथं
लोकं काय करलालते?"

किल्ला तेव्हा कुणाकडं होता, ते सांगता आलं असतं.
तिनं ते विचारलं नव्हतं.

रात्री पंचांग घेऊन मागं मोजत गेले :
शके चौदाशे पासष्ट,
शोभन नाम संवत्सर.
नाव सापडलं.
वर्ष नाही.

रविवारी यल्लवा बापाला घेऊन किल्ल्यावर आली,
मीच बोलावलं होतं.
खंदकाच्या कडेनं चालताना
तो दगडांवरून पंजा फिरवत होता,
बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.
एका ठिकाणी थांबला. पुन्हा मागं आला.
"मॅडम, ह्यो घाव बगा.
बाकीच्यांची टाकी हिकडून तिकडं गेली,
ह्येची तिकडून हिकडं.
डावखुरा होता गडी."

कुठल्या सालातला?
"साल कसं सांगावं?
दगड चांगला होता, हात घाईत होता,
येवढंच दिसलालंय."

मी तिथं टेकले.
खंदकातल्या पाण्यावर ऊन हललं.
पुस्तकातल्या म्हाताऱ्याचं खरं असेल
तर हललो होतो आम्हीच,
मी, यल्लवा, तिचा बाप, तो दगड,
आणि शेवाळात पाय रोवून बसलेला बगळा.

सोमवारी पाहते तर
तक्त्याच्या त्या सुटलेल्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं पाचवा रकाना, वाकडा आखलेला :
कंधार. येक डावखुरा. साल म्हाईत न्हाई.

खोडरबर हातात घेतला होता मी.
मग डिंकच लावला, जरा जास्त.

गुरुवारी केंद्रप्रमुख आले.
चष्मा वर सरकवून सगळे रकाने वाचले,
शेवटी बोट ठेवून म्हणाले, हे कोण?
मी बोलायच्या आत मागून आवाज आला :
"आमच्यातला."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
थोडा वेळ बोट तिथंच होतं.
मग म्हणाले, बरं,
पोषण आहाराचं रजिस्टर द्या.