पाच अक्षरांचं नाव

ग्युम्रीत भूकंपाला तीन हिवाळे झाले.
पत्र्याच्या खोलीत शुशानिकबाई म्हणतात :
लिहा, काहीही.

वाझगेन, घड्याळजी, लिहितो :
शेगडी धूर करते.
पुढच्या मंगळवारीही तेच.
मग एकदा, पावाच्या दुकानाची उधारी :
दुकान गेलं, दुकानदार गेला,
माझे चाळीस कोपेक अजून देणं आहेत.
कुणीतरी फिसकन हसलं. मग तोही.

आज त्याने मुलीच्या नावाचं
पहिलं अक्षर काढलं. न.
खोडलं. पुन्हा काढलं,
बारीक स्क्रू बसवावा तसं, श्वास धरून.

माझ्या भाषेत हे अक्षर नकाराचं.
मी बोललो नाही.

कागद आतल्या खिशात, वर बटण.
चार अक्षरं राहिलीत.
दारात थांबून विचारतो :
त्या शेगडीचं
कुणी बघणार आहे की नाही?