दोनदा सात

चरईतलं तळघरातलं जिम, सकाळचे पावणेसात.
कर्णिक मॅडम, एकसष्ट पूर्ण,
बँकेत एकतीस वर्षं कॅशियर.
हातात पाच किलोचं डंबेल.
मी मोजत होतो, पाच, सहा, सात,
तेवढ्यात खिशातला फोन थरथरला,
घोडबंदरचं कुणीतरी, उद्या जमणार नाही म्हणून,
आणि मी म्हणालो, सात.

त्या थांबल्या नाहीत.
माझ्या दहापर्यंत गेल्या, म्हणजे त्यांच्या अकरापर्यंत.
डंबेल रॅकवर आवाज न करता ठेवलं.
"भोईर, तू दोनदा सात म्हणालास.
आमच्याकडे असं झालं,
तर हिशेब लागेपर्यंत घरी जाता यायचं नाही."

मी हसलो.

परवा आल्या तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना.
केसांना चाप सुनेनं लावून दिलेला.
माझ्या तोंडात उत्तर तयारच असतं,
दंडांसारखंच फुगवलेलं:
होतं असं, बर्फ लावा, परवा पुन्हा करू.
भिंतीवर माझं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट.
खांद्याचा धडा चार पानांचा होता,
परीक्षेला येणार नाही म्हणून सोडलेला.

म्हणालो, मला कळत नाहीये. डॉक्टरांना दाखवा.
पाच किलो मीच दिले, घाई माझी होती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं
नोट उजेडात धरून पाहावी तसं.
मग पर्स उचलून गेल्या.

रात्री कळव्याच्या पुलावर स्कूटर बाजूला घेतली.
खाली खाडी ओहोटीला, चिखलाचा वास.
हिशेब लावायला बसलो.
प्रधानांचं पोट शेणॉयना रंगवून सांगितलं होतं,
शेणॉय हसले, आणि त्या दिवसापासून
माझ्यापुढे टी-शर्ट खाली ओढू लागले.
वर्तकनगरच्या पोराला पावडरचा डबा खपवला,
त्यात माझे दोनशे रुपये.

आणि ती, नाव रजनीगंधा,
आईनं हौसेनं ठेवलेलं, असं स्वतःच सांगायची.
तिची पाठ सरळ करायला
मी न विचारता हात लावला.
सोमवारपासून आली नाही.
आळशी आहे, मी सगळ्यांना सांगितलं.
तिचा पिवळा नॅपकिन अजून खुंटीवर आहे.
तो रोज दिसतो. धुवायला न्यावा, तर कुणाचा म्हणून नेऊ?
परत द्यायला फोन करावा, तर तोही
न विचारता लावलेला हातच.

हिशेब लागला नाही. घरी गेलो.

तीन आठवड्यांनी कर्णिक मॅडम
फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घेऊन आल्या.
मी ती दोनदा वाचली, एक शब्द त्यांनाच विचारला.
फोन लॉकरमध्ये ठेवला.
एक किलोचं डंबेल, निळं, पोरांच्या खेळण्यासारखं.
कोपराला आधार देऊ का, विचारलं.
"नको," म्हणाल्या. "तू फक्त मोज."

पाच.
सहा.
सात.
आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आठ, मी म्हणालो.