खुर्चीची कुरकुर

ओडीलची नवी तबकडी मी पहिल्यांदा ऐकली
सडबरीत, टायरच्या दुकानात,
गाडीला हिवाळ्याची चाकं चढत होती तेव्हा.
काउंटरवरचा पोरगा मान डोलवत होता.
अकरा वर्षं तिच्या डाव्या हाताला
उभा बास कवेत घेऊन जो उभा असायचा,
तो हाच, हे त्याला कुठून कळणार?

आधीच्या तिन्ही तबकड्यांत आम्ही दोघंच,
आणि तिच्या आत्याच्या स्वयंपाकघरातली खुर्ची.
ओडील पुढे झुकली की ती कुरकुरायची,
दर कडव्याआधी, श्वासाच्याही किंचित आधी.
उशी ठेवली, तेल घातलं, माइक हलवला.
शेवटी आत्या म्हणाली, असू दे रे,
तिलाही काही म्हणायचं असेल.

गाणी निकेलच्या खाणीची, रात्रपाळीची,
एक तर मेलेल्या कुत्र्यावर, सात मिनिटांचं.
श्रोते चाळीस, फार तर साठ,
निम्मे नात्यातले,
उरलेले अंगातला कोट न काढता बसलेले.

मग ती माँट्रियलला गेली.
फोनवर म्हणाली, "रेजाँ, लोकांना रडताना बघून झालं.
आता नाचताना बघायचंय."
मी म्हटलं, बरं.
माझ्या बासला विमानात वेगळं तिकीट लागतं,
त्यांचा बास खिशात मावतो.

"गळा विकला," लुसियाँ हार्डवेअरवाला म्हणाला,
ज्यानं तिची एकही तबकडी विकत घेतली नव्हती.
मीही मान हलवली होती.

आणि आता हा स्पीकर,
धुतलेल्या काचेसारखा तिचा आवाज,
एकीवर एक चार ओडीली,
खाण नाही, कुत्रा नाही,
"ये ना, ये ना" एवढंच धृपद.
नाक मुरडायला मी तयारच होतो
तोच खालचा ठेका कानावर आला.
टक-कुर्र. टक-कुर्र.
हा ड्रम नव्हे.
पोराला म्हटलं, जरा मोठं कर.

जी घालवायला आम्ही अख्खा तेलाचा डबा संपवला
ती कुरकुर तिनं कापून, ओवून
गाण्याच्या पायात घातली होती.
आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली.

बास कुठेच नव्हता.
घरी जाऊन पुन्हा दोनदा ऐकलं, नव्हताच.

पोरगा म्हणाला, शंभर किलोमीटर झाले की
नट परत आवळून घ्या.
बाहेर उणे एकोणीस.
गाडीत बसलो, सीटवर मुद्दाम पुढे झुकून पाहिलं.
काही वाजलं नाही.
सीट नवी आहे.