कंदीलवाला

अकरा चित्रपट, आणि त्यांतल्या नऊंत तो
पहिल्या अर्ध्या तासात मेला.
दहाव्यात त्याने दार उघडलं,
"बाईसाहेब घरी नाहीत" म्हणाला,
आणि दार लावून घेतलं.
अकराव्यातून तो कापला गेला;
तरी स्क्रँटनच्या थिएटरात त्याची आई
लागोपाठ दोन खेळ बसून राहिली,
न जाणो, दुसऱ्या खेळाला येईल.

नाव आयव्हर प्रॉथेरो.
बाप कोळशाच्या खाणीत, आजाही खाणीत,
हा उजेडात जायचं म्हणून नाटकात गेला
आणि वीस वर्षं विंगेच्या अंधारात उभा राहिला.
उन्हाळी कंपन्या, धान्याच्या कोठारांतले प्रयोग,
तिशीत म्हातारा, चाळिशीत त्याहून म्हातारा.
दाढी तीच. डिंक तेवढा बदलत गेला.

मी प्रॉम्प्टर. म्हणजे कोणी नाही.
न्यूयॉर्कच्या पश्चिम टोकाला, एका जुन्या छापखान्याच्या
सातव्या मजल्यावर आमचा स्टुडिओ;
रोज दुपारी अर्धा तास भुताटकी,
साबण आणि डबाबंद सूप यांच्या मधोमध.
थडगी पुठ्ठ्याची. धुकं कोरड्या बर्फाचं,
ते खाली बसलं की पिशाचंसुद्धा शिंकायची.
त्याचं काम: कंदील घेऊन जिना उतरणारा नोकर.
हा मेलाय की जिवंत आहे
ते लेखकांनाही शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आणि विसरायचा. सर्रास विसरायचा.
नाटकात पानंच्या पानं तोंडपाठ असलेला माणूस
कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला की थिजायचा,
कंदील जरासा वर धरायचा (हा आमचा इशारा)
आणि मी जिन्याखालून शब्द सरकवायचे.
घरोघरी वाटे, काय भयाण थांबतो हा!
ओहायोतून एका पोराचं पत्र आलं:
तुम्ही गप्प होता तेव्हा मी उशी चावतो.
ते त्याने पगाराच्या चेकपेक्षा नीट घडी घालून
पाकिटात ठेवलं.

मग ती संध्याकाळ, सगळ्या शहराचे दिवे गेले ती.
लिफ्ट मध्येच लटकलेली. कोणी तरी रडत होतं,
बहुधा शिवणाच्या खोलीतली नवी मुलगी.
तेव्हा तो आला, मेकअपसकट,
गाल हिरवे, डोळ्यांखाली काजळी,
हातात बॅटरीवरचा तो खोटा कंदील.
"चला," म्हणाला.
हा शब्द कुठल्याच संहितेत नव्हता.

पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून तीस-बत्तीस माणसं.
चौथ्या मजल्यावर त्याने कंदील जरासा वर धरला.
मला कळलं. पण कागद कुठे होता?
"पायरी," मी पुटपुटले. "पायरी. आता वळण. पायरी."
आणि तेच तो मोठ्याने म्हणत गेला,
ज्या आवाजात खाणीतून माणसं वर आणत असतील त्या आवाजात.
तो त्याच्याकडे होता हे मला माहीत नव्हतं.
खाली रस्त्यावर आलो तर पूर्ण चंद्र.
एक पोलीस त्याचं तोंड बघून दोन पावलं मागे सरला.
याने, नसलेली टोपी काढून, नमस्कार केला.

मालिका बंद पडली. फिती पुसून
त्यांवर हवामानाच्या बातम्या भरल्या.
पुढे एका मलमाची जाहिरात, एका नाटकात आंधळा न्यायाधीश,
मग न्यू जर्सीतलं वृद्ध नटांचं घर.
कंदील त्याने मलाच देऊन टाकला;
बॅटरी आत फुटलीय, झाकण उघडत नाही.

शेवटच्या रविवारी गेले तेव्हा जेवण वाढलं होतं.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
मग रिकामा हात जरासा वर धरला.
मी वाकले.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मलाही पुढचं आठवेना.
ताटाकडे बघितलं, आणि कानाशी म्हटलं, "वाटाणे."

तो थांबला. तसाच, भयाण.
"वाटाणे," म्हणाला,
आणि पलीकडच्या टेबलावरच्या बाईने
चमचा खाली ठेवला.